सरळ रेषेचा धनी : राजा दीनदयाळ

राजेश्वर हे माझे मूळ गाव. हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हुमनाबाद मागे पडले की ते लागते. एके काळी हा सारा मुलुख निजामाचा. १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू, असा आमच्याकडचा व्यवहार. नोकरीच्या निमित्ताने मी इंदुरास आलो आणि इथलाच झालो. तरी गावचा वाडा मनातून गेला नाही.

त्या वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि तो उतरवण्याचे ठरले. पाडण्यापूर्वी एकदा येऊन मी सगळ्याचे फोटो काढून ठेवावेत, असे पुतण्याने कळवले. वयोमानाप्रमाणे ओझे नको म्हणून मी एकच भिंग बरोबर घेतले. अठरा मिलिमीटरपासून दोनशे मिलिमीटरपर्यंत नाभ्यंतर बदलणारे ते झूम भिंग होते. चौकाच्या कोपऱ्यात उभे राहून सबंध सोपा एका चित्रात घ्यावा, आणि जागचे न हलता नुसती कडी फिरवून पलीकडच्या देवघरातील समई जवळ ओढावी, अशी त्याची करामत. दोन दिवसांत मी चारशे फोटो काढले आणि मोठ्या समाधानाने परतलो.

इंदुरास येऊन ते फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले, तेव्हा समाधान ओसरले. सोप्याचे सागवानी खांब बाहेरच्या अंगाने वाकले होते, वरची तुळई मधोमध फुगली होती. देवघरात वहिनी सांजवात करीत असताना चौकापलीकडून काढलेल्या फोटोत त्यांचा हात आणि चेहरा दोन्ही पुसट झाले होते. पुन्हा जाऊन काढावेत म्हटले, तर तोवर वाडा उतरवला होता, खांब विकले गेले होते आणि वहिनी मुलाकडे सोलापूरला राहावयास गेल्या होत्या.

माझी सारी हयात नकाशे काढण्यात गेली. गुण्या आणि ओळंबा यांच्यावर वाढलेल्या माणसाला वाकलेला खांब पाहवत नाही. त्या रात्री मी कपाटातून राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांचा संग्रह काढला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते महाल, ती देवळे, त्या कमानी! एक खांब ओळंब्याबाहेर नाही. हा मनुष्य निजामाच्या दरबारी मोठा झाला खरा, पण त्याने हातात कॅमेरा धरला तो आपल्या इंदुरात, आणि पेशाने तोही नकाशे काढणाराच होता. त्याचे चरित्र आज सांगावेसे वाटते ते याच कारणाने.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. घरचा धंदा रत्ने पारखण्याचा. मुलगा मात्र रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेण्यास गेला. मोजमाप, खर्चाचा अंदाज आणि इमारतींची रेखाटने यांत तेथे हात बसला, आणि १८६६ साली इंदूर येथील बांधकाम खात्याच्या कचेरीत त्यांना नोकरी मिळाली. अंदाजपत्रके करावीत, नकाशे काढावेत, असे ते काम. अशा कचेरीत बसलेल्या तरुणाला पुढे राजा ही पदवी मिळेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

छायाचित्रणाचा नाद त्यांना लागला तो १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिसाव्या वर्षी. इंदूरचे अधिपती महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी या हौशी माणसाचे गुण ओळखले आणि त्यांना आश्रय दिला. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशीही त्यांचा परिचय झाला. आपल्या शहरातील डेली कॉलेजाला ज्यांचे नाव आहे, तेच हे डेली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे काढण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. कचेरीतील नोकरी सांभाळून चाललेला हा नाद पाहता पाहता नोकरीपेक्षा मोठा झाला.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे आजच्यासारखे कळ दाबणे नव्हे. प्रारंभीच्या वर्षांत काचेवर ओला लेप देऊन तो वाळण्यापूर्वी चित्र घ्यावे लागे आणि तेथल्या तेथे अंधाऱ्या तंबूत धुवावे लागे. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा ही धावपळ कमी झाली. कागदावरचे चित्र बहुधा काचेवर कागद ठेवून उन्हात उमटवीत. म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच काच लागे. बारा इंच लांब आणि दहा इंच रुंद अशी काच, ती मावेल एवढा भात्याचा कॅमेरा, त्याला पेलणारी लाकडी तिपाई, औषधांच्या बाटल्या आणि भिंगांची पेटी, एवढा संसार बैलगाडीवर लादून निघायचे.

त्या पेटीत एक भिंग नसे, अनेक असत. कोणत्या चित्रासाठी कोणते भिंग, हा निर्णय छायाचित्रकाराला आधी करावा लागे. माणसांच्या चित्रांसाठी पेट्झवाल नावाच्या गणितज्ञाने १८४० साली योजलेले भिंग होते. त्याचे छिद्र मोठे. भिंगवाल्यांच्या भाषेत एफ ३.६, म्हणजे नाभ्यंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता येणारा आकडा. तो जितका लहान तितका प्रकाश अधिक. समोरचा माणूस फार वेळ निश्चल बसावयास नको, हा या भिंगाचा गुण. मध्यभागी चेहरा रेखीव आणि कडा मात्र पुसट, हा त्याचा दोष. चेहऱ्याच्या चित्रात कडा कोण पाहतो? त्यामुळे तो दोष चालून जाई.

इमारतींसाठी हे भिंग कुचकामाचे. तेथे लागे ते १८६६ साली निघालेले रॅपिड रेक्टिलिनिअर. लंडनच्या डालमायरने ते काढले आणि जर्मनीत श्टाइनहाइलने त्याच वर्षी तसलेच भिंग स्वतंत्रपणे केले. त्यातील युक्ती नकाशानवीसाला चटकन पटावी अशी आहे. भिंगाचे दोन सारखे अर्धे भाग एकमेकांकडे तोंड करून बसवलेले, आणि मधोमध प्रकाशाचे छिद्र. पुढचा अर्धा सरळ रेषेला जेवढा एका बाजूस वाकवतो, मागचा अर्धा तेवढाच तिला उलट बाजूस वाकवतो, आणि रेषा पुन्हा सरळ होते. तराजूची दोन पारडी सारखी झाली की काटा मधोमध येतो, तसेच हे. याची किंमत काय? छिद्र लहान, एफ ८. काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. पण खांब कोठे पळून जात नाही.

अनेक जागा बदलत्या नाभ्यंतराची सोय तेव्हाही हवीच होती, आणि ती थोडीबहुत या भिंगात होती, हे वाचून मला नवल वाटले. पुढचा अर्धा भाग काढून नुसता मागचा अर्धा वापरला, तर नाभ्यंतर जवळजवळ दुप्पट होई आणि दूरची वस्तू मोठी दिसे. म्हणजे एका भिंगाच्या किमतीत दोन! पण नाभ्यंतर दुप्पट झाले आणि छिद्र तेवढेच राहिले, म्हणून एफ ८ चे एफ १६ झाले. प्रकाश चौथाईवर आला. शिवाय जोडीदार गेल्यामुळे तराजूचे एकच पारडे उरले आणि रेषा पुन्हा वाकू लागल्या. माझ्या वाड्याच्या खांबांचे दुखणे हेच आहे, आणि ते दीडशे वर्षांपूर्वीही ठाऊक होते.

१८८२ साली एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची देवळे, सांचीचा स्तूप यांची छायाचित्रे त्यांनी घेतली, आणि १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या मजकुरासह ती मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध स्मारकांवरील ग्रंथात छापली गेली. ती चित्रे पाहताना रुडकीचे शिक्षण डोळ्यांपुढे येते. उंच शिखर चित्रात बसवण्यासाठी कॅमेरा वर करावा, तर इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. भात्याच्या कॅमेऱ्याला त्यावर तोड होती. कॅमेरा पाणसळीत सपाट ठेवायचा आणि पुढची भिंगाची फळी तेवढी वर सरकवायची. भिंग सरळ रेषेचे, फळी सरकती आणि मागे नकाशानवीसाची नजर. मग शिखर उभेच्या उभे उतरे.

याच सुमारास दीनदयाळांनी नोकरीची वाट सोडली. १८८६ च्या आसपास सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ थाटला गेला, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. व्हाइसरॉयकडूनही त्यांना मान मिळाला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. १८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. निजाम स्वतः शायरी करीत. त्यांनी आपल्या या छायाचित्रकारावर एक शेर रचल्याचे सांगतात. आमचे राजेश्वर, बीदर, कल्याण हा सारा टापू तेव्हा याच निजामाच्या छत्राखाली होता. त्या दृष्टीने दीनदयाळ माझ्या दोन्ही गावांचे: एका गावाने त्यांना घडवले, दुसऱ्या गावाच्या धन्याने त्यांना राजा केले.

हैदराबादेत कामाची जातकुळी पालटली. बशीरबाग राजवाड्याचा झुंबरांनी भरलेला दिवाणखाना, लष्कराच्या कवायती, वाघाच्या शिकारीनंतर हत्तींसमोर उभा राहिलेला दरबारी लवाजमा, दुष्काळात चाललेली सरकारी कामे, उमराव आणि त्यांची मुले. दिवाणखान्यासाठी रुंद दृष्टीचे आणि बारीक छिद्राचे भिंग, आणि खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात काच बराच वेळ उघडी. उमरावाच्या चेहऱ्यासाठी मोठ्या छिद्राचे. प्रत्येक कामाला वेगळे हत्यार, ही सुताराची आणि लोहाराची रीत त्यांच्या धंद्यात मुरलेली दिसते. पडद्यातील स्त्रियांची छायाचित्रे काढायची तर पुरुष छायाचित्रकार चालणार नाही. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत उंच भिंतींआड निराळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. एकाच दालनात थोडीशी तडजोड करून सगळ्यांचे भागवावे, हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही.

१८९६ मध्ये मुंबईसही त्यांचा स्टुडिओ निघाला. १९०३ च्या दिल्ली दरबाराची चित्रे दीनदयाळ आणि पुत्र यांच्या नावाने निघाली. परंतु सुखाचा शेवट त्यांच्या वाट्यास आला नाही. १९०४ मध्ये धरमचंद हा मुलगा गेला, आणि पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ रोजी, राजा दीनदयाळ यांनीही जगाचा निरोप घेतला. दुसरे पुत्र ज्ञानचंद यांनी पेढी पुढे चालवली. काचेची मूळ चित्रे घराण्याने जपून ठेवली, आणि त्यांपैकी २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले.

हे सारे वाचून झाल्यावर मी माझ्या भिंगाकडे नव्या नजरेने पाहू लागलो. झूम भिंग बनवणारे कारागीर अडाणी नव्हेत. त्यांनी अशक्यप्राय काम केले आहे. साध्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग १९५९ मध्ये फ्रँक बॅक यांनी योजले आणि ते फोख्टलेंडर कंपनीने विकावयास आणले. पेट्झवालचे भिंगही १८४० साली याच पेढीने केले होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या झूमचा पल्ला ३६ पासून ८२ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन पटींच्या आसपास. १९९२ मध्ये टॅमरॉनने २८ ते २०० चे भिंग काढले. २००५ मध्ये निकॉनने १८ ते २०० चे, अकरा पटींचे. निकॉनच्या त्या भिंगात बारा गटांत मिळून सोळा काचा आहेत. कडी फिरवली की हे गट पुढेमागे सरकतात. आता तराजूची उपमा आठवावी. एका जागी पारडी सारखी केली, तर गट सरकताच ती खालीवर होणारच. म्हणून रुंद टोकाला रेषा पिंपासारख्या बाहेर फुगतात, आणि पुढे कडी फिरवली की उशीसारख्या आत चेपतात. अकरा पटींच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी काटा मधोमध राहावा, हे होणे नाही. सगळीकडे थोडे थोडे चुकावे, पण कोठेच फार चुकू नये, एवढेच कारागिराच्या हाती असते.

उजेडाचा हिशेबही तसाच. माझे भिंग अठरा मिलिमीटरवर एफ ३.५ असते, म्हणजे छिद्र सुमारे ५ मिलिमीटर. दोनशेवर तेच एफ ६.३ होते, छिद्र सुमारे ३२ मिलिमीटर. दोनशेवरही एफ ३.५ राखावयाचे, तर ते ५७ मिलिमीटर करावे लागेल, आणि मग पुढची काच, तिच्यामागच्या काचा आणि वजन सगळेच वाढून खांद्यावर घेण्याची सोय उरणार नाही. म्हणून दूरच्या टोकाला उजेड तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी घ्यायचा, असा सौदा ठरलेला असतो. दुपारच्या उन्हात तो सौदा कळतही नाही. सांजवेळी देवघरात कळतो. भिंगात हात थरथरण्यावर उपाय असतो. पण तो माझ्या हातावर. वहिनींचा हात समईकडे जात होता, त्यावर त्याचा काय इलाज?

दीनदयाळांना असले भिंग मिळते, तर त्यांनी वापरले असते काय? त्या काळी ते होणेच शक्य नव्हते. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. रॅपिड रेक्टिलिनिअरला असे पृष्ठभाग चार; शंभरातला पंच्याऐंशी प्रकाश पार होई. बारा गटांच्या भिंगाला चोवीस. अवघा सदतीस पार होईल, आणि उरलेला आत भटकून चित्रावर धुके पसरेल. प्रकाश परतू न देणारा पातळ लेप १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुला यांनी काढला, तेव्हा पुढची वाट मोकळी झाली. आणि आकाराचे म्हणाल, तर माझे अर्ध्या किलोचे भिंग बारा बाय दहाच्या काचेसाठी त्याच प्रमाणात मोठे केले, तर हिशेबाने त्याची लांबी जवळजवळ दीड मीटर आणि वजन तेराशे किलोंच्या पुढे जाते. शिकारीच्या चित्रातला एखादा हत्ती त्याच कामी लावावा लागला असता!

आजचा मोबाइल फोन उलटून पाहा. त्याच्या पाठीवर दोन-तीन भिंगे वेगवेगळी बसवलेली दिसतील: एक रुंद, एक मधले, एक दूरचे. एवढ्या पातळ वस्तूत मोठ्या पल्ल्याचे झूम मावत नाही, म्हणून कारागीर फिरून त्या जुन्या भिंगांच्या पेटीकडे आले आहेत. मला यात दीनदयाळांचा विजय दिसतो, पण झूमचा पराजय दिसत नाही. मिरवणूक, मुलांचे खेळ, प्रवास या ठिकाणी भिंग बदलीत बसले तर क्षण निघून जातो. तेथे झूमच खरे. चूक भिंगाची नव्हती. काय देऊन काय घेतो आहोत, याचा हिशेब मी केला नव्हता, ही चूक माझी.

पुतण्याच्या मुलीने संगणकावर खांब सरळ करून दिले. आजकाल कॅमेऱ्यातही ती सोय असते. पण रेषा सरळ करताना चित्राच्या कडा ताणल्या जातात आणि कापाव्या लागतात. खांब सरळ झाले, आणि डाव्या कोपऱ्यातील जाते, ज्यावर माझ्या आईने आणि आजीने दळले, ते चौकटीबाहेर गेले. वहिनींचा फोटो तर कशानेच सुधारला नाही.

आपल्या इंदुरातही जुने वाडे एकेक करून उतरत आहेत. ज्यांच्या घरी तशी वेळ आली असेल, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: झूम अवश्य न्यावे, पण त्याच्या जोडीला एक साधे, न बदलणाऱ्या नाभ्यंतराचे भिंग आणि एक तिपाई न्यावी. खांबांसाठी सावकाश वेळ द्यावा, माणसांसाठी उजेडाचे भिंग लावावे आणि चौकापलीकडे उभे न राहता जवळ जावे. राजा दीनदयाळांच्या काचा आज शंभराहून अधिक वर्षांनी दिल्लीत सुखरूप आहेत. माझ्या चारशे फोटोंतून मी अकरा ठेवले आहेत, आणि जात्याची जागा कागदावर पेन्सिलीने आखून त्यांच्याबरोबर ठेवली आहे.